औषध फुकट कुणाला? पगार, रेशनकार्ड आणि २०२३

धाटावच्या एमआयडीसीत शिफ्ट सुटली की चहाच्या टपरीवर तिघं भेटतात. कंपनीतला कायम कामगार, ठेकेदाराकडचा पोरगा आणि घरकामाला जाणारी ताई. तिघांनाही ताप आला, तर सरकारी औषध फुकट कुणाला? स्वातंत्र्यानंतर याची तीन वेगवेगळी उत्तरं मिळालीत.

पहिलं उत्तर होतं पगार. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये, असं भोर समितीने १९४६ सालीच सांगितलं होतं. पण १९४८ साली कायदा झाला तो राज्य विम्याचा, म्हणजे आपल्या ईएसआयचा. २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, १९५४ साली मुंबईत आली. महिना ४०० रुपयांपर्यंत पगार असलेला कारखान्यातला कामगार आत, शेतमजूर बाहेर.

२०१७ पासून ही मर्यादा २१,००० रुपये आहे. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. म्हणजे हे औषध फुकट नाहीच, पैसे आधीच भरलेले असतात! पगार २१,००० च्या वर गेला की चालू सहामाही संपल्यावर कपात थांबते आणि पुढे काही महिन्यांनी दवाखान्याचा हक्कही जातो. पगारवाढीचा आनंद मग बीपीच्या गोळ्यांवर खर्च होतो.

दुसरं उत्तर होतं रेशनकार्डाचा रंग. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. तेव्हा पिवळं किंवा केशरी कार्ड लागायचं. तीच आजची महात्मा फुले योजना. पण ती ऑपरेशनसारख्या ठरावीक उपचारांसाठी. दर महिन्याची शुगरची गोळी त्यात येत नाही.

तिसरं उत्तर १५ ऑगस्ट २०२३ चं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपर, तपासणी, उपचार सगळं मोफत झालं. पगार किती, कार्ड कुठलं, हा प्रश्नच उरला नाही. टपरीवरचे तिघंही पात्र. भोर समितीचं म्हणणं कागदावर यायला ७७ वर्षं लागली.

आता खरी अट उरते ती औषधांच्या कपाटाची. खिडकीवर "शिल्लक नाही, बाहेरून आणा" असं ऐकलं, की ज्याच्या खिशात पैसे तो मेडिकलमध्ये जातो आणि ज्याच्याकडे नाहीत तो घरी. म्हणजे दारातून काढलेली पैशाची अट खिडकीतून परत आत!

म्हणून मंडळी, हक्क कुणाला हा वाद संपलाय. आता विचारायचं ते एवढंच, गोळी आहे का? नसेल तर कधी येणार? तुम्हाला शेवटची चिठ्ठी पूर्ण मिळाली होती का, कमेंटमध्ये लिहा.