दंडारीतला गडी

धानाची कापणी झाली, दिवाळी सरली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत मंडई भरते आणि रात्र दंडारीची होते. दंडार म्हणा की खडी गंमत, तिच्यात नाचणारी बाई म्हणजे गावातलाच गडी. दिवसा धानाचे भारे वाहणारा, रात्री लुगडे नेसणारा. त्याच्या ठुमक्याला ज्या गावाने शिट्या दिल्या, तेच गाव सकाळी त्याच्या चालीला हसे. लोककलेच्या अभ्यासकांनी वाद्ये टिपली, गाणी टिपली. या हसण्याची नोंद फारशी कोणी ठेवली नाही, म्हणून आम्ही तिच्याकडे वळत आहोत.

हा गडी कोण होता? कुणी निव्वळ नट असेल, बायकोमुलांचा धनी. कुणाला मात्र स्वतःच्या मनाजोगे वावरायला तेवढीच एक रात्र मिळत असेल. लोकांनी दोघांनाही ‘नाच्या’ या एका शब्दात कोंबले. कोल्हापूरचे गणपत पाटील (निधन २००८) यांनी मराठी पडद्यावर नाच्या गाजवला. संसारी माणूस, तरी त्यांच्या पुरुषत्वाची कुजबुज थांबली नाही. बालगंधर्वांच्या शालूला समाजाने सलाम केला. शालू आणि लुगडे यांतला हा फरक आम्हाला जातीचा आणि पैशाचा वाटतो. उर्दूतही ‘रंगीन’ आणि इन्शा यांनी बाईच्या बोलीत रेख्ती लिहिली, ती आधी मैफलीत रंगली आणि पुढे शरमेने दिवाणांतून वगळली गेली.

पुढे वडसा, म्हणजे देसाईगंज, नाटक कंपन्यांचे ठाणे झाले. रंगमंचावर स्त्रिया आल्या. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, रंगभूमीला मान आला. गड्यावरची वाईट नजर मात्र नटीवर सरकली.

आजची पोरे मोबाइलवर रॅप ऐकतात. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये गरीब काळ्या वस्तीत जन्मलेल्या या हिप-हॉपमध्येही मर्दानगीची फुशारकी भरपूर. त्या वर्तुळातल्या फ्रँक ओशनने २०१२ मध्ये आपले पहिले प्रेम एका पुरुषावर होते असे लिहिले, तेव्हा केवढी खळबळ! आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले.

दंडार काही गावांत अजून होते. लुगडे नेसलेला गडी तिच्यात अजून नाचतो. त्याला विचारायला कोणी जात नाही, शिट्या तेवढ्या वाजतात.