हरताळ, शेंदूर आणि तोंडाचा रंग



शाळेत वाक्प्रचार शिकवताना 'हरताळ फासणे' आला की वर्गातलं एखादं पोर हमखास विचारायचं, "सर, म्हणजे बंद पाळणं ना?" नाही बाबा. तो हरताळ वेगळा. हा हरताळ म्हणजे एक पिवळं खनिज, गंधक आणि सोमल यांचं संयुग. पोथी लिहिताना चुकलेल्या अक्षरावर ते फासायचं, की अक्षर झाकलं जायचं. त्यावरून एखाद्या गोष्टीवर पाणी फिरवलं की आपण 'हरताळ फासला' म्हणतो.

हे आठवायचं कारण म्हणजे आमची परदेशातली नातवंडं. ३१ ऑक्टोबरला तिकडे हॅलोविन असतं. तोंडं रंगवलेल्या भुतांचे फोटो आले आणि खाली प्रश्न, "आजोबा, तुमच्याकडे असं काही असायचं का?" अरे, असायचं म्हणजे काय! कोकणात शिमग्याला सोंगं निघतात, दशावतारात संकासुर येतो. सोंग आणि रंग यांचं नातं आपल्याकडे फार जुनं. पण तोंडाला काय फासलं जायचं, हे बघितलं की अंगावर काटा येतो.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं. त्या काळच्या पौराणिक नाटकांत राक्षस आरडाओरडा करत यायचे, राळेचा भपका उडायचा. उजेड दिवट्या-पणत्यांचा. तेवढ्या उजेडात चेहरा लांबून दिसायचा तर रंग दाट आणि झाकणारा हवा. जुन्या नटांच्या सामानात सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ, मुर्दाडशिंग असं काय काय असे. यातलं मुर्दाडशिंग म्हणजे शिशाची भस्मासारखी पूड. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. मारुतीला आपण लावतो तो खरा शेंदूरही शिशाचाच. दगडाच्या देवाला तो बाधत नाही, माणसाची गोष्ट निराळी. केरळातल्या कथकलीच्या हिरव्या-पिवळ्या चेहऱ्यांतही हरताळ वापरत आले आहेत.

मग माणसं हे का लावत होती? वेडी होती म्हणून नव्हे. शिशाचा पांढरा रंग चेहऱ्याला छान चिकटतो, सगळं झाकतो आणि स्वस्त पडतो. शिवाय त्याचं विष त्याच रात्री दिसत नाही. कातडीतून ते थोडंच आत जातं, पण ओठांवरून, हातावरून, उडालेल्या पुडीतून पोटात आणि छातीत जातं आणि वर्षानुवर्षं साठत राहतं.

हे सगळ्या जगात झालं आहे. इंग्लंडमधली सौंदर्यवती मारिया गनिंग, कॉव्हेंट्रीची काउंटेस, १७६० मध्ये ऐन तारुण्यात गेली. तिच्या मृत्यूचा दोष शिशाच्या सफेद्याला दिला जातो. जपानात १८८७ साली सम्राटांसमोर काबुकीचा खेळ चालू असताना फुकुसुके या नामवंत नटाचा पाय थरथरू लागला. ते शिशाच्या विषबाधेमुळे, असं निदान झालं आणि मग तिथे बिनशिशाच्या पावडरीचा शोध सुरू झाला. त्याआधीच, १८७३ मध्ये, बर्लिनच्या लुडविग लाइखनर या ऑपेरा गायकाने बिनशिशाचा तेलकट रंग बनवायला घेतला होता. स्वतः रोज तोंड रंगवणाऱ्या माणसानेच त्यावर उपाय काढला, हे मला फार आवडतं. पुढे शिशाच्या जागी जस्ताचं भस्म आलं. तेच आपण मलमातही वापरतो.

आपल्या देशातही सौंदर्यप्रसाधनांना रंग देण्यासाठी शिसं आणि सोमल यांची संयुगं वापरायला कायद्याने बंदी आहे. म्हणजे प्रश्न मिटला का? तर नाही. २००९ मध्ये अमेरिकेत एका संस्थेने मुलांच्या तोंडाला लावायचे १० रंग तपासून घेतले. दहाच्या दहांत थोडंफार शिसं सापडलं!

आता आपल्या गावाकडे येतो. हमरापूर, जोहे, कळवे ही गणपतीची गावं. घरोघरी कारखाने, कोपऱ्यात रंगांचे डबे, स्प्रे, सोनेरी पूड, चमकी. त्यामुळे शाळेचं गॅदरिंग आलं की कुणीतरी सहज म्हणतं, "रंग कशाला विकत आणायचा? कारखान्यात आहे की!" एका वर्षी एका पोराला असाच चकचकीत सोनेरी रंग लावून कृष्ण केला. रात्री तो निघेना, तेव्हा कुणीतरी रॉकेलचा बोळा फिरवला. सकाळी पोराचे गाल लालभडक आणि पापण्या सुजलेल्या. नशिबाने चार दिवसांत बरा झाला.

मूर्तीचा रंग मूर्तीसाठी असतो, हे आपल्या गावाला तरी कुणी सांगायला नको. पोस्टर कलरच्या बाटलीवर 'बिनविषारी' लिहिलेलं असतं ते कागदावर वापरण्यापुरतं. चकाकणारे फ्लोरोसंट रंग आणि चमकी तर डोळ्यांजवळ अजिबात नकोत. अमेरिकेतलं अन्न व औषध प्रशासनही हॅलोविनला हेच सांगतं, की डब्यावर डोळ्यांभोवती चालेल असं लिहिलेलं नसेल तर तिथे लावू नका.

म्हणून नातवंडांना आणि इथल्या सुनाबाळींना थोडक्यात सांगतो. चेहऱ्यासाठीच बनवलेला रंग घ्या, डब्यावरची तारीख बघा. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहा. पुरळ, खाज आली तर तो रंग नको. आधी क्रीमचा पातळ हात द्या, मग रंग. एकाचा ब्रश आणि काजळाची कांडी दुसऱ्याला वापरू नका. खेळ संपला की रंग घेऊन झोपायचं नाही. खोबरेल तेलाने हलक्या हाताने पुसा, मग साबण आणि कोमट पाणी. रॉकेल, टर्पेंटाइन, थिनर कातडीला लावायचं नाही म्हणजे नाही.

आमच्याकडचा कारागीर गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतो तेव्हा श्वास रोखून धरतो. लेकराच्या डोळ्यांशी रंगाचा ब्रश नेताना तेवढीच काळजी हवी. एवढं सांभाळलं, तर सोंग हॅलोविनचं असो की शिमग्याचं, खुशाल करा.

असो. तुमच्याकडे सोंगं कशी रंगवायचे, काय लावायचे, ते जरूर कळवा.