तगर नगरींतील मुक्काम

मेक्सिको देशांतील युकाटान प्रांतीं चिचेन इत्सा नांवाचें माया लोकांचें जुनें नगर आहे. तेथील भग्न मंदिरांशेजारींच प्रवाशांसाठीं हॉटेलें आहेत. धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथें तशी सोय मीं पाहिली नाहीं. एका परिचितांच्या जुन्या वाड्यांतच आमचा दोन रात्रींचा मुक्काम झाला. परंतु येथें अवशेष पाहण्यास दूर जावें लागत नाहीं. तेरणेकांठचें हें गांव प्राचीन पांढरीवरच वसलेलें असल्यामुळें आपल्या अंथरुणाखालीं जुनें नगर असण्याचा संभव फार!

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर असें सांगितलें आहे. तगराहून साधें कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत घालून बिकट वाटांनीं भडोच बंदरीं जात असे. पुढें या नगराचा ठावठिकाणाच हरपला. कोणी देवगिरि म्हणे, कोणी जुन्नर, तर कोणी धारूर. अखेर 1901 सालीं डॉ. फ्लीट यांनीं तेर हेंच तगर असें दाखवून दिलें, आणि लवकरच हेन्री कझिन्स यांनीं येथील अवशेषांचें वर्णन प्रसिद्ध केलें. कोंकणांत व कोल्हापुरास राज्य करणारे शिलाहार तर ‘तगरपुरवराधीश्वर’ हें बिरुद अभिमानानें मिरवीत!

सकाळीं त्रिविक्रमाचें मंदिर पाहिलें. मागील बाजू अर्धवर्तुळाकार, छप्पर गजपृष्ठाकार; कार्ल्याचें चैत्यगृह विटांनीं बांधावें तसें. तें मूळचें बौद्धांचें कीं वैष्णवांचें, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. मला त्याहून मोठें नवल वाटतें तें विटांची इमारत इतकीं शतकें टिकल्याचें. तेथें पूजाअर्चा चालू राहिली, म्हणूनच ती वांचली असावी.

बाकीचें वांचलें तें एका व्यापाऱ्यामुळें. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं मणी, नाणीं, मृण्मूर्ति यांचा मोठा संग्रह केला. आज त्यांच्याच नांवाचें शासकीय संग्रहालय गांवांत आहे. तेरला सांपडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचें इटलींतील पाँपेई येथें 1938 सालीं मिळालेल्या मूर्तीशीं साम्य आहे. पाँपेई इ. स. 79 मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेव्हां हा संबंध किती जुना, तें उघड आहे. 1958 सालीं चापेकरांनीं येथें उत्खनन केलें.

परंतु धाब्याच्या घरांसाठीं पांढरी माती खणण्याची मराठवाड्यांत पूर्वापार चाल. फावड्याबरोबर किती थर गेले असतील, त्याची गणना नाहीं. लामतुऱ्यांसारखा जपणारा प्रत्येक गांवीं थोडाच असतो! माती काढतांना एखादा मणी हातीं आला, तर तो कोणत्या जागीं व किती खोलीवर मिळाला, तेवढें टिपून संग्रहालयास कळवावें. नुसता मणी शोभेचा; त्याच्या जागेवरून मात्र त्याचें शतक ठरतें.