पंगतीकडून टेबलाकडे : ओळखीच्या मुंबईत नवे उपाहारगृह शोधताना



आपला ज्या शहरावर जीव असतो, त्या शहरात पुन्हा जाताना दोन इच्छा एकाच वेळी मनात असतात. जुन्या ठिकाणी जाऊन तेच खावं ही एक, आणि या खेपेला काहीतरी नवं शोधावं ही दुसरी. आपल्यापैकी पुष्कळांसाठी ते शहर म्हणजे मुंबई. कोणी तिथे शिकलं, कोणी नोकरी केली, कोणाचे मामा गिरगावात राहत होते. दोन-चार वर्षांनी जाणं होतं, मुक्काम तीन दिवसांचा असतो, म्हणजे जेवणं मोजून सहा. त्यातली चार जुन्या ओळखीत जातात. उरलेल्या दोनांचं काय करायचं? प्रश्न लहान दिसतो. पण 'आज कुठे नवीन जेवू या' हे वाक्य एखाद्या मराठी माणसाला सहज उच्चारता यावं, यासाठी आपल्या समाजाला शंभर वर्षं लागली आहेत. आज आपण तो इतिहास पाहणार आहोत, आणि शोध कसा घ्यायचा याचं उत्तरही त्यातूनच काढणार आहोत.

सुरुवात एका शब्दापासून करू. पंगत. पंगतीत कोण कोणाशेजारी बसणार हे जेवणाच्या आधी ठरलेलं असतं, बहुतेक वेळा जन्माच्याही आधी. म्हणून आपल्या भाषेत पंक्तिभेद आहे, पंक्तिप्रपंच आहे, आणि रोटीव्यवहार हा शब्द बेटीव्यवहाराला जोडून येतो. उपाहारगृहाचं टेबल ही याच्या अगदी उलट व्यवस्था. तिथे जागा क्रमाने मिळते. आधी आलेला आधी बसतो, शेजारी कोण येईल हे आपल्या हातात नसतं, आणि पैसे दिले की संबंध संपतो. पंगतीकडून टेबलाकडे येणं ही, आमच्या मते, आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासातली मोठी घटना आहे. पाठ्यपुस्तकात तिला धडा नाही, एवढंच.

हे किती अवघड होतं ते पाहा. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा स्थापन केली. सभा गुप्त होती. जातिभेद मानणार नाही अशी शपथ घ्यायची, आणि ती खरी आहे हे दाखवण्यासाठी ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खायचा. विचार करा, आज जो पाव आपण वड्याबरोबर रस्त्यात उभं राहून खातो, तो एके काळी दार बंद करून, कोणाला कळणार नाही अशा बेताने खावा लागत होता. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली, नावं फुटण्याची भीती पसरली आणि सभा मोडली. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचा प्रसंग झाला. तिथे उपस्थित असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि टिळकही होते. नावं छापून आली, ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तं झाली. एका कप चहासाठी!

हे झालं वरच्या जातींचं, ज्यांना जातीबाहेर पडण्याची भीती होती. ज्यांना आतच घेतलं जात नव्हतं त्यांची गोष्ट वेगळी. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाच्या हॉटेलात गिऱ्हाईक येईना. तेव्हा राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. ही कथा आपण शाहूंच्या मोठेपणाची म्हणून सांगतो, ते योग्यच आहे. पण चहाचं दुकान ही सत्तेची आणि समतेची जागा आहे हे राजाने ओळखलं होतं, हेही त्यातून दिसतं.

आता मुंबईकडे येऊ. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला कापडगिरणीची कंपनी उभारली, आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा भाग गिरणगाव झाला. कोकणातून आणि घाटावरून माणसं आली. बायकामुलं गावी, एका खोलीत दहा-पंधरा पुरुष, पाळीपाळीने झोपायचं. या माणसांना जेवू कोणी घालायचं? ते काम खानावळवाल्या बायकांनी केलं. महिन्याचे पैसे ठरलेले, जेवणाऱ्याला 'मेंबर' म्हणायचं. गिरणगावातली खानावळ ही बाईच्या कष्टावर चालत होती, आणि बँकेच्या दारात त्या बाईला कोणी उभं करत नव्हतं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना सावकाराच्या हातून सोडवण्यासाठी.

पण एक लक्षात घ्या. खानावळीत अजून पंगत शिल्लक होती. आपल्या गावची, आपल्या जातीची खानावळ शोधायची, अशीच रीत होती. पाट्यांवरही 'ब्राह्मण', 'हिंदू' ही विशेषणं असत. माणूस शहरात आला होता, त्याचं ताट गावातच होतं.

ताट गावाबाहेर काढण्याचं काम मुख्यतः इराण्यांनी केलं. यझ्द आणि केरमान या भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी झरथुष्ट्री इराणी मुंबईत आले. धोबी तलावचं कयानी १९०४ चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना मिळाली, असं सांगतात. कारण काहीही असो, कोपऱ्याच्या दुकानाला दोन रस्त्यांवरून दार असतं, आणि आत शिरणाऱ्याला कोणत्या रस्त्यावरून आलात असं कोणी विचारत नाही. संगमरवरी टेबल, लाकडी खुर्ची, ब्रून मस्का, चहा. स्त्रियांसाठी, कुटुंबांसाठी आत 'फॅमिली रूम'. कारकून, कामगार, कवी, बेकार, सगळे एका छताखाली. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही हाबरमास शिकवायचो. युरोपातल्या कॉफीगृहांत सार्वजनिक चर्चेची सवय कशी तयार झाली, हे तो सांगतो. विद्यार्थ्यांना ते दूरचं वाटे. मग आम्ही म्हणायचो, बाबांनो, इराण्याकडे जाऊन बसा, म्हणजे कळेल.

त्यानंतर दक्षिणेकडून उडुपी आले. माटुंग्याला रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं, अजूनही केळीच्या पानावर जेवण मिळतं. या हॉटेलांत काम करणारी मुलं दिवसा कपबशा विसळत आणि रात्री कानडी रात्रशाळेत शिकत. फाळणीनंतर सिंधी आणि पंजाबी आले. 'कोळंबी कोळीवाडा' हा पदार्थ आपण कोळी बांधवांचा समजतो. तो शीव कोळीवाड्याचा. तिथे वसलेल्या पंजाबी निर्वासितांच्या हातचा तो मानला जातो, नाव फक्त जागेचं. आणि चिकन मंचुरियन? त्याचं श्रेय नेल्सन वाँग या कोलकात्यात जन्मलेल्या चिनी वंशाच्या आचाऱ्याला दिलं जातं, १९७५ साली, चर्चगेटच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात. मंचुरियात तो पदार्थ कोणाला माहीत नाही. मुंबईला पुरतो.

या सगळ्या क्रमात एक नियम दिसतो. मुंबईतलं प्रत्येक 'नवं' हॉटेल हे शहरात नुकत्याच आलेल्या माणसाची सही आहे. कोणी दुष्काळातून आलं, कोणी फाळणीतून, कोणी गिरणीच्या भोंग्यामागे. आधी ते आपल्याच माणसांसाठी शिजवतात, आणि एका पिढीनंतर सगळं शहर तिथे रांग लावतं.

मात्र ही केवळ चवींची कथा नाही. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात काय आहे? धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले येथे प्रवेश नाकारता येणार नाही, असं तिथे म्हटलं आहे. उपाहारगृह हा शब्द मूलभूत हक्कांच्या प्रकरणात आहे! पुढे १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा झाला आणि असा प्रवेश नाकारणं शिक्षेला पात्र ठरलं. घटनाकारांना चहाच्या दुकानाची पायरी ठाऊक होती. बाबासाहेबांना तर ती फारच चांगली ठाऊक होती. म्हणजे आपण एखाद्या अनोळखी हॉटेलचं दार ढकलून आत जातो, तेव्हा एक हक्क वापरत असतो. वापरात नसलेला हक्क गंजतो, हे वेगळं सांगायला नको.

आणि तो गंजण्याची चिन्हं आहेत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्या मात्र संपल्या, आणि त्यांच्याबरोबर बहुतेक खानावळीही. त्याच जमिनींवर मॉल झाले, कचेऱ्या झाल्या, गच्चीवरची महागडी उपाहारगृहं झाली. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात आग लागली आणि १४ माणसं गेली. ज्या आवारात पूर्वी कामगार डबा उघडत, तिथे आत जाताना आता पहारेकरी पोशाख न्याहाळतो. जात कोणी विचारत नाही, हे खरं. पण दारावरची दरवानाची नजर आणि दरपत्रकावरचा आकडा मिळून जुनंच काम नव्या रीतीने करतात.

दुसरं चिन्ह आपल्या खिशात आहे. मोबाइल. आपण शहराचं नाव टाकतो, तो तारे दाखवतो. सोय मोठी आहे, आम्हीही वापरतो. पण तो काय सांगतो ते नीट बघा. तुमच्यासारख्यांना काय आवडलं, हे तो सांगतो. तुमच्यासारख्यांना! म्हणजे यंत्राने पुन्हा पंगत मांडली. पाट तोच, मांडणारा बदलला. शिवाय ज्या खानावळीच्या बाईला स्वतःच्या हॉटेलचा फोटो टाकायला सवड नाही, ती या यादीत येतच नाही. लालबागच्या गल्लीतल्या तिच्या पोळ्या मात्र रोज दुपारी एकला संपतात.

तेव्हा सहापैकी त्या दोन जेवणांचं काय करायचं? इतिहासाने दिलेल्या तीन-चार युक्त्या सांगतो.

पहिली. नवं हॉटेल कोणतं हे विचारू नका, शहरात नवं कोण आलं ते विचारा. कलिना भागात ईशान्य भारतातली मुलंमुली राहू लागली, तर तिथे त्यांचं जेवण मिळू लागलं. बांधकामाची मोठी कामं जिथे चालू आहेत, तिथे लिट्टी-चोखा दिसतो.

दुसरी. कामाच्या जागेभोवती फिरा, तेही जेवणाच्या वेळी. कोर्टाजवळ, बंदराजवळ, रुग्णालयाजवळ. जिथे रोजची माणसं रोज येतात तिथे फसवणूक परवडत नाही. पाहुणा एकदाच येतो, मेंबर उद्याही येणार असतो.

तिसरी. ज्याने आपल्याला तिथे आणलं त्या टॅक्सीवाल्याला विचारा, तुम्ही कुठे जेवता? आणि जमलं तर त्याच्याबरोबरच जेवा. तो ज्या ठिकाणी बसू शकत नाही, ते ठिकाण कितीही चविष्ट असलं तरी सार्वजनिक उपाहारगृह या शब्दाला पुरतं उतरत नाही.

चौथी जरा अवघड आहे. 'नवं' म्हणजे नव्याने उघडलेलंच असतं असं नाही. ज्या हॉटेलावरून आपण तीस वर्षं गेलो आणि आत कधी शिरलो नाही, तेही आपल्यासाठी नवंच. मग स्वतःला विचारायचं, का शिरलो नाही? पाटीवरचं नाव पाहून? आतली माणसं पाहून? मासळीचा वास आला म्हणून? मोहम्मद अली रोडवर आहे म्हणून? या प्रश्नाचं उत्तर कोणाला सांगायची गरज नाही. उत्तर मिळालं की दार मात्र ढकलायचं.

कांट नावाचा तत्त्ववेत्ता म्हणत असे, की विचार करणाऱ्या माणसाने एकट्याने जेवणं आरोग्याला बरं नाही. सोबत तीनपेक्षा कमी माणसं नसावीत आणि नवापेक्षा जास्त नसावीत. स्वतःच्या गावाच्या परिसराबाहेर तो फारसा कधी गेला नाही. पाहुणेही त्याचे त्यानेच निवडलेले. मुंबईतल्या भर दुपारच्या हॉटेलात ही निवड आपल्याला मिळत नाही. 'साहेब, जरा सरकून घ्या' असं म्हणत पोऱ्या एका अनोळखी माणसाला आपल्यासमोर बसवतो. मीठ तो मागतो, आपण सरकवतो. परमहंस सभेच्या मंडळींना जे दार लावून करावं लागलं, ते इथे पंख्याखाली, सगळ्यांदेखत, कोणाच्या लक्षातही न येता घडतं. कोणाच्या लक्षात येत नाही, हेच त्याचं यश. ते तसंच घडत राहावं असं वाटत असेल, तर पुढच्या खेपेला अशा एखाद्या टेबलावर जाऊन बसलं पाहिजे, आणि समोरचा माणूस आला की थोडं सरकलं पाहिजे.

 आता प्रश्न घेऊ.