पेठ, एक्स्टेन्शन आणि टँकर

मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळात आपल्यापैकी बरेचजण जाऊन आले असतील. शहाजीराजांचे चिरंजीव व्यंकोजी (एकोजी) यांनी या देवाला मेदरनिंगनहळ्ळी गाव इनाम दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख तिथे आहे. बंगळुरात पाहुणे आले की आपण तो अभिमानाने सांगतो. परंतु या लेखाचा विषय वेगळा आहे. ‘काडु’ म्हणजे कन्नडमध्ये रान. त्या रानातल्या देवळाजवळ सव्वादोनशे वर्षांनी जी वस्ती उभी राहिली, तिच्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

१५३७ साली केंपेगौडांनी वसवलेली ‘पेटे’, म्हणजे आपली पेठच, व्यापाराने भरभराटली आणि माणसांनी तुंबली. ऑगस्ट १८९८ मध्ये तिथे प्लेग शिरला. त्याच्या दोन वर्षे आधी मुंबईत जे घडले होते, तेच इथे घडले. अरुंद बोळ, अंधाऱ्या खोल्या, उघडी गटारे आणि घर सोडून पळणारी माणसे. म्हैसूर सरकारने पेठेबाहेर नव्या वस्त्यांचा विचार आधीच सुरू केला होता. प्लेगने त्याला निकड आणली. उत्तरेला मल्लेश्वरम, सुमारे २९१ एकर. दक्षिणेला बसवनगुडी, सुमारे ४४० एकर. यांनाच ‘एक्स्टेन्शन’ म्हणू लागले.

यात खरी वाखाणण्याजोगी गोष्ट म्हणजे कामाचा क्रम. आधी रस्ते आखले, काटकोनात. घरांच्या मागून सफाईसाठी स्वतंत्र बोळ ठेवला. बागेला जागा सोडली. मग प्लॉट दिले. हेसरघट्टा तलावाचे पाणी १८९४ पासून शहरात येऊ लागलेलेच होते. मल्लेश्वरमच्या जुन्या क्रॉस रोडवरून चालताना घरांच्या मागचा तो बोळ अजून कुठे कुठे दिसतो. आता तिथे बहुधा स्कूटर लावलेल्या असतात!

मात्र याचे गोडवे गाताना डोळे उघडे ठेवावेत. या वस्त्यांत जातीजातींना वेगवेगळे भाग नेमून दिले होते, आणि प्लॉट घेऊन घर बांधण्याची ऐपत असणाऱ्यांचीच सोय झाली. पेठेतल्या मजुराला मोकळी हवा कागदावरच मिळाली.

पुढे शहर अफाट वाढले. १९४१ मध्ये लोकसंख्या सुमारे ४ लाख ७ हजार होती, ती १९५१ मध्ये ७ लाख ७९ हजार झाली. १९४५ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड स्थापन झाले, १९४८ मध्ये जयनगरची पायाभरणी राजगोपालाचारींच्या हस्ते झाली. १९७६ मध्ये बोर्डाच्या जागी बंगळूर विकास प्राधिकरण आले. लेआउट निघत राहिले, पण माणसे त्याहून वेगाने येत होती. त्यांत आपणही आलो. मग शेतजमिनीचे तुकडे पाडून ‘रेव्हेन्यू साइट’ विकल्या गेल्या. आपल्याकडच्या गुंठेवारीची ही सख्खी बहीण! तिकडे ती नियमित करायला २००१ साली कायदा करावा लागला. इकडे ‘बी-खाता’ हा शब्द प्रत्येक घरमालकाला पाठ झाला. तलावांचीही गत तीच. धर्मांबुधी तलावाच्या जागी मॅजेस्टिकचे बसस्थानक आहे, संपंगी तलावाच्या जागी कंठीरव स्टेडियम.

२००७ साली सात नगरपालिका, एक लहान नगरपालिका आणि ११० गावे एकदम शहरात घेतली गेली. त्या गावांत तोवर सोसायट्या उभ्या राहत होत्याच. म्हणजे १८९८ चा क्रम बरोबर उलटा झाला: आधी घर, मग रस्ता, शेवटी पाणी. कावेरीचे पाणी १९७४ पासून जवळजवळ १०० किलोमीटरवरून, सुमारे ५०० मीटर वर चढवून शहरात येते. पण या ११० गावांसाठीच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले ऑक्टोबर २०२४ मध्ये. मधली सतरा वर्षे बोअर आणि टँकर. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बोअर आटले, तेव्हा चकचकीत टॉवरमध्ये राहणारे आपले सहकारी बादल्या मोजत होते.

नळ दाराशी आला, तरी जोडणीचे पैसे प्रत्येक सोसायटीने भरायचे होते. ते भरावेत की टँकरवरच भागवावे, या एका मुद्द्यावर आमच्या सोसायटीच्या तीन सभा झाल्या. तिसऱ्या सभेला चहा टँकरच्याच पाण्याचा होता.