ड्रमाच्या आधी काय होतं?

परवा एका भावानं विचारलं, जीवामृतासाठी ड्रम कोणता घ्यावा? उत्तर एका ओळीचं नाही, म्हणून थोडं मागं जातो.

आमच्या घरी ड्रम नव्हता तेव्हा काठ फुटलेला रांजण होता. पाण्याच्या कामातून गेला की आजी तो गोठ्यात लावायची. गोमूत्र, आंबट ताक, निंबाचा पाला, सारं त्यातच आंबायचं, वरून पोतं.

पण कुजवण्याची पद्धत कागदावर नीट आली ती इंदूरले. तिथं 1924 ते 1931 अल्बर्ट हॉवर्ड होते. 1931 च्या पुस्तकावर त्यांच्या शेजारी यशवंत वाड हे नाव आहे, ते मात्र कोणी घेत नाही. त्यांची युक्ती पाहा. पऱ्हाट्या आणि तुराट्या कुजत नाहीत ही अडचण आपलीच. त्यांनी त्या वावराच्या रस्त्यावर अंथरल्या, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली भुगा झाला. श्रेडर-बिडर काही नाही. मग शेण, गोठ्यातली मुतानं भिजलेली माती, राख, आणि आधीच्या खड्ड्यातलं 10-15 दिवसांचं थोडं खत. म्हणजे आपलं विरजणच. तीनदा पालटलं की 90 दिवसांत खत तयार. आपण मात्र अजूनही पऱ्हाटी धुऱ्यावर पेटवतो.

1935 च्या एप्रिलात गांधीजी ती संस्था पाहून आले. तेव्हा त्यांचा मुक्काम आपल्या वर्ध्यात, मगनवाडीले होता. कुमारप्पांचा ग्रामोद्योग संघही तिथलाच, 1934 चा. सेवाग्राम नंतर, 1936 ले.

पुढं अमरावतीच्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांचं जीवामृत आलं: 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, धुऱ्यावरची मूठभर माती. सावलीत 48 तास. इथं रांजण पुरत नाही. म्हणून घरोघरी निळा ड्रम आला, तोही भंगारातला.

मी पण तसाच आणला. दोनदा धुतला, वास गेला, समाधान झालं. जीवामृत सोडल्यावर आठ-दहा दिवसांत पऱ्हाटीची नवी पानं चिरली, भेंडीच्या पानासारखी. मले वाटलं व्हायरस. कृषी सहायकानं पाहताच विचारलं, टू-फोर-डी कुठून आलं? त्या तणनाशकाचा अंशसुद्धा कापसाले सहन होत नाही. दीड एकर गेलं. दोष जीवामृताचा नव्हता, भांड्याचा होता.

आता जुन्या ड्रमात आधी दोन दिवस साधं पाणी ठेवतो. ते डब्यातल्या कपाशीच्या चार रोपांले घालतो आणि पंधरा दिवस नवी पानं पाहतो. झाकण घट्ट लावत नाही, पोतंच. वायू कोंडला तर झाकण फुगते. शक्य असेल तर गुळाच्या पाकाचा किंवा तेलाचा ड्रम घ्या.

तो जुना ड्रम मी परत भंगारात दिला नाही. बुडाले भोकं पाडून ठेवला आहे. दुसऱ्या कोणाच्या वावरात गेला असता.