हँडपीस, लोकर कातरणीचा : मेंढीची लोकर यंत्राने कातरताना हातात धरावयाचे अवजार. ऑस्ट्रेलियात फ्रेडरिक यॉर्क वुल्झली व रॉबर्ट सॅव्हेज यांनी १८७७ मध्ये कातरणी यंत्राचे पेटंट घेतले. १८८८ मध्ये न्यू साउथ वेल्समधील डनलॉप येथे संपूर्ण कळपाची कातरणी यंत्राने झाली.

खालची स्थिर फणी व तिच्यावर आडवे सरकणारे पाते ही कापणारी जोडी होय. क्रँकमुळे पात्याला टेकलेला काटा (फोर्क) डोलतो व पाते हलवितो. पात्याचा दाब टेन्शन नटने ठरतो. दुरुस्तीसाठी भाग सुटे करून लोकरीचा चिकटा व जुने वंगण काढतात. क्रँकचा रोलर, काट्याची टेकणी व सांधे यांची झीज तपासून झिजलेले भाग बदलतात. पुनर्जोडणीत काटा बसवून त्यावर पाते ठेवतात, फणी सरकवून दोन स्क्रूंनी आवळतात. पात्याची टोके फणीच्या उताराच्या कडेमागे राहावी लागतात व पाते दोन्ही बाजूंना सारखे सरकावे लागते. शेवटी तेल देऊन ताण बेताचा ठेवतात. जादा ताणाने हँडपीस तापतो.

अचूक जोडणीमुळे लोकर एकसंध निघते व मेंढीला इजा कमी होते. महाराष्ट्रात मात्र धनगर समाजात हातकातरीची पद्धत रूढ आहे. (पहा : धनगर, मेंढी, लोकर).